अमेरिकेत स्वतःची कंपनी: एच-१बी या नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावर असताना काढावी, की ग्रीन कार्डासाठी थांबावं?

दरमहा हाती येणाऱ्या पैशाचाच हिशोब असेल, तर नोकरी सरस. पगार, शेअर, आरोग्यविमा सगळं मिळतं. कंपनी काढणारा सुरुवातीला स्वतःला जेमतेम पगार देतो, आणि त्याच्या शेअरचे पैसे बहुतेक वेळा कंपनी विकली गेली किंवा शेअर बाजारात आली तरच होतात.

पण आपल्या इंजिनीयरांना पैशापेक्षा व्हिसा जास्त अडवतो. एच-१बीवर नोकरी गेली, तर दुसरी शोधायला जास्तीत जास्त ६० दिवस. शनिवार-रविवारी स्वतःच्या कंपनीचं काम करणं हेही विनापरवाना काम ठरू शकतं. शेअर नावावर ठेवता येतात, राबता येत नाही. जानेवारी २०२५ पासूनच्या नियमानुसार बहुसंख्य मालकी असलेल्यालाही त्याची स्वतःची कंपनी एच-१बी मिळवून देऊ शकते, मात्र पहिली मंजुरी आणि पहिली मुदतवाढ १८-१८ महिन्यांचीच. एरवी ३ वर्षांपर्यंत मिळते.

मग थांबावं? भारतातून गेलेले इंजिनीयर ज्योती बन्सल यांनी वर्क परमिटसाठी सात वर्षं काढली, २००८ मध्ये अ‍ॅपडायनॅमिक्स ही सॉफ्टवेअर कंपनी सुरू केली आणि २०१७ मध्ये सिस्कोने ती ३.७ अब्ज डॉलरना घेतली. आज मात्र तेवढ्यावर भागत नाही. दरवर्षीच्या ग्रीन कार्डांत एका देशाला ७ टक्क्यांची मर्यादा असल्याने २०२५ मध्ये ईबी-२च्या (उच्चशिक्षितांच्या ग्रीन कार्ड गटाच्या) रांगेत २०१३ पर्यंत नाव घातलेल्या भारतीयांचाच नंबर लागला होता. ज्याने आज नाव घातलं, त्याने कार्डाची वाट पाहत उमेदीची वर्षं घालवू नयेत, असं मला कळकळीने वाटतं.

योग्य टप्पा मधला आहे: आय-१४० (तुमच्या ग्रीन कार्डासाठी कंपनीने केलेला अर्ज) मंजूर होऊन १८० दिवस उलटले की. त्यानंतर नोकरी देणाऱ्या कंपनीने अर्ज मागे घेतला तरी सहसा प्रायॉरिटी डेट (रांगेतला नंबर ठरवणारी तारीख) राहते, आणि एरवीच्या सहा वर्षांच्या मर्यादेपुढे एच-१बी वाढवता येतो. त्याआधी राजीनामा देऊ नका. आय-१४० मंजूर असेल तर एच-४वरच्या (एच-१बीधारकाच्या कुटुंबाच्या व्हिसावरच्या) जोडीदाराला वर्क परमिट मिळू शकतं, आणि त्यावर कंपनी काढता येते. अनेक घरांत हाच मार्ग सर्वांत सुरक्षित ठरतो.

पुण्याला परतण्याचा पर्यायही आहेच. आनंद देशपांडे अमेरिकेत पीएचडी आणि एचपीत नोकरी करून परतले, १९९० मध्ये त्यांनी पर्सिस्टंट ही सॉफ्टवेअर कंपनी काढली. मिळकत रुपयांत, पण व्हिसाची तारीख मोजावी लागत नाही.