पाचशे चिप्सचा पोकर संच: सहा जणांच्या डीप स्टॅकच्या डावासाठी कसा आहे?

मागच्या पोळ्याच्या आठवडाभर आधी मी पाचशे चिप्सचा पोकर संच सुमारे अडीच हजार रुपयांना ऑनलाइन मागवला. आमचे गाव दारव्हा तालुक्यातले असल्यामुळे पार्सल घरपोच आले नाही आणि पेटी तालुक्याहून मोटारसायकलला बांधून आणावी लागली. तेव्हापासून कापसाची वेचणी सुरू होईपर्यंत आम्ही सहा जण जवळपास दर शनिवारी रात्री ओसरीवर सतरंजी टाकून टेक्सास होल्डेम (प्रत्येकाच्या हाती दोन पाने आणि मध्ये सगळ्यांसाठी आधी तीन, मग एक, मग शेवटचे एक अशी पाच पाने उघडणारा पोकर) खेळलो. पैसा एकही लावत नाही. जिंकले-हरलेले गुण वहीत मांडतो, एवढेच.

चिप्सचा दर्जा चांगला आहे. खोक्यावर एका चिपचे वजन 11.5 ग्रॅम लिहिले होते. किराणा दुकानातल्या काट्यावर शंभर चिप्स ठेवल्या तेव्हा काटा 1 किलो 150 ग्रॅमच्या अगदी जवळ थांबला. शहाबादी फरशीवर कितीदा तरी पडूनही कुठल्या चिपची कड उडालेली नाही. मात्र 25 ची चिप हिरवी आणि 100 ची काळी असल्याने, लाइट गेली की इमर्जन्सी दिव्यात दोन्ही सारख्याच दिसतात, आणि मोठ्या डावात ही चूक चौपटीची असते.

हा संच घेण्यामागचे खरे कारण डीप स्टॅक, म्हणजे प्रत्येकाकडे सुरुवातीलाच नेहमीपेक्षा जास्त चिप्स, हे होते. 1-2 च्या ब्लाइंडवर (पाने बघण्याआधी दोघांना सक्तीने लावावे लागणारे 1 आणि 2 गुण; त्यातला मोठा तो बिग ब्लाइंड) 100 बिग ब्लाइंड म्हणजे 200 गुण हा नेहमीचा स्टॅक. आम्हाला प्रत्येकी 400 हवे होते. एकाच्या 20, पाचाच्या 16, पंचविसाच्या 8 आणि शंभराची 1 अशा 45 चिप्समध्ये एका खेळाडूचे 400 बसतात. सहा जणांना 270 चिप्स पुरतात आणि कोणी हरून पुन्हा बसला तरी अडचण येत नाही.

आमची सगळी मंडळी तीन पत्तीत वाढलेली आहे. तिथे पैसे लागत, म्हणून पॅक करण्याची, म्हणजे पाने टाकून देण्याची, थोडीतरी सवय होती. इथे गुणच असल्याने तीही सुटली. एक काकाजी तर प्रत्येक डावात “पाहू तं द्या, पैसे थोडीच लागून राहिले!” म्हणत चिप्स पुढे सरकवतात. अशा मंडळींसमोर बतावणी करण्यात काही अर्थ नाही, कारण ती पॅक करतच नाहीत. हाती खरोखर बळकट पाने आली की मोठी रक्कम लावणे, हाच मार्ग उरतो. एक्क्यांची जोडी सरासरी 221 डावांत एकदा येते, म्हणजे आमच्या गतीने दोन बैठकांत एखाद्या वेळी. एका प्रतिस्पर्ध्याच्या कुठल्याही पानांसमोर ती सुमारे 85 टक्के वेळा जिंकते, पण चौघांना आत येऊ दिले तर हेच प्रमाण 56 टक्क्यांवर येते. अशी जोडी हाती घेऊन सुरुवातीला केवळ 6 गुण लावणे मला म्हणूनच चुकीचे वाटते.

एक डाव अजून डोळ्यांसमोर आहे. माझ्या हाती नव्व्यांची जोडी होती. मी 12 लावले, तिघे आत आले आणि मध्ये 49 गुण जमले. पहिल्या तीन पानांत राजा, नव्वी आणि चव्वी उघडली. तीन पत्तीच्या भाषेत सांगायचे तर माझी ट्रेल (तीन सारखी पाने) झाली, आणि जोडी हाती असताना पहिल्या तीन पानांत ती साडेआठ वेळांतून एकदाच होते. उघडलेल्या पानांत दोन बदाम होते. मी 40 लावले, दोघे राहिले, मध्ये 169 झाले. चौथ्या पानावर बदाम आले नाही. मी 120 लावले आणि काकाजी बदामाच्या कलरच्या (पाच बदाम जुळण्याच्या) आशेने एकटे थांबले. मध्ये 409 झाले आणि माझ्याकडे 228 उरले, तेवढे शेवटच्या पानावर लावणे सहज शक्य होते. हाच डाव मी 6, 12, 30, 60 असा जपून खेळलो असतो तर 400 पैकी 108 गुणच मध्ये गेले असते. कलरचे पान शेवटी येण्याची शक्यता सुमारे 20 टक्के असते, आणि त्या दिवशी ते आले नाही. आले असते, तर ते 228 मी हातातच ठेवले असते. स्टॅक जितका खोल, तितका हा संयम जास्त लागतो. काकाजींसारखा नुसता सोबत येणारा खेळाडू चौथ्या पानावर अचानक रक्कम वाढवतो, तेव्हा एक्क्यांची जोडीही मी टाकून देतो. त्यांच्याकडे दोन जोड्या किंवा त्याहून वरचे काहीतरी असतेच, असा माझा अनुभव आहे.

सोबत आलेले कागदी पत्ते मात्र अगदीच टाकाऊ निघाले. भादव्यातल्या दमट हवेत ते फुगले आणि दुसऱ्या बैठकीतच कोपरे दुमडल्यामुळे पाठीवरून इस्पिकचा राजा ओळखू येऊ लागला. असल्या पत्त्यांवर प्रामाणिक खेळ होऊच शकत नाही. प्लॅस्टिकचे दोन कॅट वेगळे मागवावे लागले. 500 च्या 50 चिप्स एकदाही पेटीबाहेर आल्या नाहीत. त्यांच्या जागी पाचाच्या चिप्स असत्या तर आठ जणांना खेळता आले असते. पेटीची एक कडी महिन्याभरात निखळली. विक्रेत्याने दोन संदेशांनाही उत्तर दिले नाही, तेव्हा बाजाराच्या दिवशी ट्रंका दुरुस्त करणाऱ्याकडून 30 रुपयांत नवी बसवून घेतली, आणि ती अजून पक्की आहे.