आठ महिने वापरलेला रेडिओ आणि त्यात नसलेला दीड नंबर

स्पेसिफिकेशन सगळ्यांनी वाचलेली असणार, ती परत उगाळत नाही. एफएम आहे, मिडियम वेव्ह आहे, मोबाइलच्या चार्जरवर चार्ज होतो, टॉर्चसुद्धा आहे (रेडिओला टॉर्च कोणी मागितला होता?). मार्चमध्ये १४५० रुपयांना घेतला, तोही एकाच कामासाठी. सकाळी पोळ्या लाटताना एफएमवरच्या दोन निवेदकांच्या, एक तो आणि एक ती, गप्पा ऐकायच्या. माझं घरगुती डब्यांचं काम आहे. सात ते दहा हात कणकेत असतात. मोबाइलवर ऐकलं की मधेच कोणाचा तरी फोन येतो, "ताई, आज भाजी कोणती?", आणि स्क्रीनला कणीक लागते ती वेगळीच.

आता मुद्द्याचं. या रेडिओला गोल चकती नाही, आवाजाची बटणं आहेत. ० ते २०. एकवर ठेवला तर तव्यावरची पोळी त्याच्यापेक्षा मोठ्यानं बोलते. दोनवर ठेवला तर नवरा उठतो. नवरा चाकणला रात्रपाळी करून सहाला येतो आणि हॉलमध्ये झोपतो. हॉल आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये एक पडदा आहे, बस्स. तीनच्या पुढचे सतरा आकडे कंपनीनं लग्नाच्या वरातीसाठी दिले असावेत. मला हवा होता दीड.

तुम्ही म्हणाल, एवढ्याशा गोष्टीचं काय? तर सांगते. गप्पांच्या कार्यक्रमात तो मोठ्यानं हसतो आणि ती शेवटचं वाक्य हळूच टाकते. एक नंबरवर मला हसणं ऐकू यायचं, कशाला हसले ते नाही. एप्रिलमध्ये एकदा विषय होता, कोथिंबीर आणायला पाठवलेला नवरा मेथी घेऊन आला. तो म्हणाला, "मग तुम्ही काय केलंत?" ती काहीतरी बोलली आणि दोघं हसत सुटले. पोळी परतत होते, काही कळलं नाही. दोन दिवस ते डोक्यात होतं.

मग पंचा वापरून पाहिला. आवाज दोन, स्पीकरवर पंच्याची चौपदरी घडी. नवरा झोपतो, पण कोथिंबीर की कोशिंबीर ते कळत नाही. दुपदरी घडी बरी. मे ते ऑगस्ट असेच काढले. तेव्हा मी मैत्रिणीला सांगितलं होतं, अजिबात घेऊ नकोस.

कार्यक्रमाबद्दलही लिहायला हवं. हे लोक रोज भाजी, ट्रॅफिक, सासू आणि गुरुवारचं पाणी याच्यापुढे का जात नाहीत, असं मला वाटायचं. खासगी एफएमला स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत, हे नंतर कळलं. २०११ च्या सरकारी धोरणात वाहतूक, हवामान, परीक्षांचे निकाल, पाणी-वीज ही माहिती बातमीत धरलेली नाही, म्हणून तेवढं मोकळेपणानं बोलता येतं. गुरुवारी पाणी नाही ही पुण्यात बातमी नव्हे, हे सरकारलाही ठाऊक आहे तर! सासूबाईंना मात्र या गप्पा पटत नाहीत. त्यांचं माहेर गिरगावातलं, त्या मुंबई आकाशवाणीवरची 'पुन्हा प्रपंच' ही घरगुती गप्पांची मालिका ऐकत वाढल्या. "आमचे टेकाडे भावजी बोलायचे तर शब्द न् शब्द कळायचा," म्हणतात. आई, तुमच्या रेडिओला चकती होती.

गणपतीत अँटेनाचा बुंधा हातात आला. एफएमवर नुसती खरखर. वॉरंटी एक वर्षाची, म्हणून सर्व्हिस सेंटरला गेले. "फिजिकल डॅमेज आहे मॅडम, वॉरंटीत बसत नाही. सुटी अँटेना येत नाही, बॉडीसकट बदलावी लागेल, ६८०." म्हटलं, अहो, अर्ध्या किमतीत अँटेना? तर म्हणे, खोका आणलाय का? खोक्यात मी गरम मसाल्याच्या पुड्या ठेवते. तीन खेपा झाल्या, रिक्षाचे पैसे वेगळेच. शेवटी म्हटलं, ठेवा तुमची बॉडी.

पण त्या पंधरा दिवसांत मत थोडं बदललं. मिडियम वेव्हला बाहेरची अँटेना लागत नाही. आत फेराइटची (चुंबकी पदार्थाची) कांडी असते, तीच अँटेनाचं काम करते, म्हणून रेडिओच फिरवून दिशा धरायची. खिडकीकडे तोंड केलं की पुणे आकाशवाणी, ७९२ किलोहर्ट्झ, स्वच्छ. फक्त इंडक्शन लावलं की भुंगा सुरू होतो, म्हणून चहासुद्धा गॅसवर. ६.५५ च्या संस्कृत बातम्यांना दूध तापत ठेवायचं, ७.१० च्या पुण्याच्या बातम्यांपर्यंत पहिली दहा पोळ्यांची चवड. घड्याळ बघावं लागत नाही. शिवाय बातम्या देणारे शेवटचं वाक्य हळू बोलत नाहीत.

मग तपकीर गल्लीत, पुण्यातल्या इलेक्ट्रॉनिक सामानाच्या बाजारात, गेले. दुकान कसलं, जिन्याखालची जागा. तिथल्या दुरुस्तीवाल्यानं ६० रुपयांत नवी अँटेना बसवली. जाता जाता मी दीड नंबरचं गाऱ्हाणं सांगितलं. त्यानं एक शब्द न बोलता स्पीकरच्या तारेत एवढासा रेझिस्टर (वीज थोडी अडवणारा तुकडा) डकवला आणि बाजूला भोक पाडून खटका बसवला. ४० रुपये. खटका खाली केला की आवाज पडतो, मग चार, पाच, सहा असे सगळे आकडे कामाला येतात. कंपनीच्या इंजिनिअरांना हे सुचलं नाही.

आता दोन महिने शेवटचं वाक्य रोज ऐकू येतंय. खरं सांगू? दहातल्या आठ वेळा ते "हो ना, अगदी!" असतं. मेथीचा विषय परत निघाला तेव्हा मी तवा उतरवून ऐकलं. ती म्हणाली, "मग पराठे केले." एवढंच. मी मनात त्याहून चांगली तीन उत्तरं तयार ठेवली होती.

साडेतीन स्टार देते, अर्धा टॉर्चपायी कापला. हो, आणि परवाची गोष्ट. खटका खाली, आवाज पाचवर, ती काहीतरी म्हणाली, तो हसला, आणि पडद्यापलीकडून नवऱ्याचा झोपाळू आवाज आला, "काय म्हणाली गं ती? हल्ली काही ऐकूच येत नाही."

खटका वर, आवाज दोनवर. चाळीस रुपये गेले.