सोयाबीनच्या खोलीतले उंदीर अन् स्वस्तातलं एअर पिस्टल : घ्यावं का, कोणतं घ्यावं

आधी निकाल सांगतो, कारणं नंतर. चार-पाच हजारातलं स्प्रिंगवालं एअर पिस्टल उंदरांसाठी चालतं, पण दोनच कामाला. एक म्हणजे पिंजऱ्यात सापडलेला उंदीर जागेवर संपवायला, अन् दुसरं म्हणजे बंद खोलीत पाच-सात पावलांवर निवांत बसलेल्या उंदरावर. ह्याच्या पुढं काही करायचं डोक्यात असेल, म्हणजे शेडच्या ह्या टोकाहून त्या टोकाला किंवा घुशीवर, तर पिस्टलचा नाद सोडा अन् थोडे पैसे वाढवून रायफल घ्या.

आमच्याकडं लातूरच्या औसा भागात यंदा निम्म्या घरात सोयाबीनची पोती पडून आहेत. २०२५-२६ चा हमीभाव ५,३२८ रुपये क्विंटल, पण आडतीत तेवढा कुठं मिळतो, म्हणून माणूस म्हणतो थांबू अजून महिना-दोन महिने, अन् तेवढ्यात उंदीर पोती कातरून मोकळे होतात. नुसतं खाल्लं तर एक वेळ परवडलं, पण लेंड्या अन् मुतानं माल खराब होतो, वास लागतो, आडत्या हातात घेतला की नाक मुरडतो. तुरीचं अन् हरभऱ्याचं बी तेच.

औषध का घालत नाही असं लई जण विचारायलेत म्हणून सांगतो. झिंक फॉस्फाईड जोरदार आहे, पण ज्या खोलीत खायचं धान्य अन् शेजारी जनावरांचा कडबा तिथं ते ठेवायला मन धजत नाही, घरात लहान लेकरं आहेत. ब्रोमाडिओलोनच्या वड्यानं उंदीर लगेच मरत नाही, त्याचं रक्त गोठायचं बंद होऊन काही दिवसांनी मरतो, तवर तो अर्धमेला बाहेर फिरतो अन् मांजरानं, कुत्र्यानं नाहीतर पिंगळ्यानं खाल्ला तर विष त्यांच्या पोटात जातं. पिंगळा अन् घुबड फुकटात रोज रात्री उंदीर मारतात, त्यांनाच मारून कसं चालेल? म्हणून आमचा भर पिंजऱ्यावर. पण पिंजऱ्यात सापडलेल्याचं करायचं काय, तर बहुतेक ठिकाणी पिंजरा बादलीत बुडवतात. मला ते बघवत नाही. जीव जायला वेळ लागतो, तडफडतो. पिस्टल घ्यायचं खरं कारण हे.

आता ताकदीचं बघू, कारण दुकानदार सगळा खेळ इथंच करतात. डबीवर मोठ्या अक्षरात फूट पर सेकंद लिहिलेलं असतं. तो आकडा बऱ्याचदा हलक्या मिश्रधातूच्या छर्ऱ्यावर काढलेला असतो, शिशाचा नेहमीचा छर्रा टाकला की वेग कमी होतो. अन् नुसता वेग बघून काही कळत नाही, धक्का किती बसतो ते ज्यूलमध्ये मोजतात. हिशोब सोपा आहे, वजन किलोत अन् वेग सेकंदाला मीटरमध्ये धरायचा, मग वजन गुणिले वेगाचा वर्ग भागिले दोन. नेहमीचा छर्रा साधारण अर्ध्या ग्रॅमचा. तो ४०० फुटानं गेला तर जेमतेम ४ ज्यूल होतात, ६०० नं गेला तर साडेआठच्या आसपास अन् ८०० नं, म्हणजे साध्या रायफलीच्या वेगानं, १५ च्या आसपास. वेग दुप्पट झाला की ताकद चौपट, हे ध्यानात ठेवा. स्वस्तातली बहुतेक पिस्टलं ह्यातल्या खालच्या आकड्याच्या आसपास येतात. घरातल्या उंदराला डोक्यात, जवळून, एवढं पुरतं. घूस म्हणजे वेगळंच जनावर आहे, मोठी असली तर किलोच्या आसपास भरते, तिला हे लागलं तर ती जखमी होऊन बिळात जाऊन कुजत मरेल. घुशीवर पिस्टल चालवूच नका.

प्रकार तसे तीन बघायला मिळाले. पहिलं गॅसवालं, १२ ग्रॅमची सीओटूची, म्हणजे कार्बन डायऑक्साईड वायूची, नळकांडी लागतात. दिसायला एकदम खऱ्यासारखं, पटापट चालतं, पोरांना तेच आवडतं. पण तालुक्याला नळकांडी मिळत नाहीत, अन् सीओटूचा दाब हवेच्या तापमानावर असतो, थंडीत वेग पडतो अन् आपल्याकडच्या मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत किंवा गाडीच्या डिकीत ठेवलं तर दाब नको तेवढा वाढतो. त्यात लई पिस्टलं लोखंडी गोळ्या मारणारी असतात, त्या भिंतीवर आपटून उलट्या अंगावर येतात. खोलीत वापरायला हे मी बाद केलं. दुसरं पंपवालं. युट्यूबवर क्रॉसमन कंपनीच्या १३७७ मॉडेलची लई तारीफ असते अन् ती खोटी नाही, तीन ते दहा पंप मारून ताकद कमी-जास्त करता येते, झटका नसतो त्यामुळं नेम चांगला बसतो. पण दर वेळी एवढे पंप मारायचे अन् बाहेरचा माल म्हणून किंमत आपल्या बजेटच्या बाहेर जाते. त्याच घराण्यातलं १३२२ असतं ते पॉइंट बावीसचं, म्हणजे ०.२२ इंच नळीचं, त्याच्या वाटेला जाऊ नका, का ते खाली सांगतो. तिसरं स्प्रिंगवालं, नळी मोडून, म्हणजे सांध्यातून खाली वाकवून, भरायचं. गॅस नको, पंप नको, एक छर्रा एक बार. देशी बनावटीचं मिळतं अन् दुरुस्ती बी इथंच होते. मी हेच घेतलं.

कायदा नीट समजून घ्या. शस्त्र नियम २०१६ प्रमाणे ०.१७७ इंच म्हणजे ४.५ मिमी पर्यंतची नळी अन् २० ज्यूलपर्यंतची ताकद असेल तर एअरगनला लायसन लागत नाही. पॉइंट बावीसची नळी म्हणजे लायसन आलंच, ताकद कितीबी कमी असू द्या. दुकानदारानं आधारची झेरॉक्स घेतली, रजिस्टरला नाव-पत्ता लिहिला अन् पक्कं बिल दिलं, ते बिल पिस्टलसोबतच ठेवतो. अन् लायसन नाही म्हणजे कशावरबी मारायची सूट नाही. पोपट ज्वारीच्या कणसावर बसतात, मोर हरभरा टोचतात, ससे पिकात येतात, राग येतो मान्य आहे, पण ह्या सगळ्यांना १९७२ च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, थेट गुन्हा दाखल होतो. मी घरातल्या उंदराशिवाय कशाकडंच रोखत नाही. कमरेला लावून जत्रेत किंवा रीलमध्ये तर अजिबात नको, लांबून कोणाला कळणार आहे ते छर्ऱ्याचं आहे म्हणून.

दुकान छत्रपती संभाजीनगरचं, लातूरला मनासारखं मिळालं नाही. दुकानदार काकांनी पहिलाच प्रश्न केला, "मालक, कशासाठी पाहिजे?" उंदरासाठी म्हणलं तर त्यांनी सरळ रायफल पुढं केली, महागाचं पिस्टल गळ्यात मारायचा प्रयत्न केला नाही, हे मला लई आवडलं. अन् त्यांचं बरोबर होतं. पण रायफल पोत्यांच्या थप्पीमधल्या बोळीत वळत नाही अन् पिंजऱ्यासाठी दोन हातांची लांब वस्तू अवघड पडते, म्हणून मी पिस्टलवरच राहिलो.

वापरून काय वाटलं ते सांगतो. नळी मोडायला जोर लागतो, नवीन असताना तर बराच. स्प्रिंगचा झटका पुढं-मागं दोन्हीकडं बसतो, त्यामुळं मूठ घट्ट आवळली की छर्रा भलतीकडं जातो, सैल पण दोन्ही हातांनी धरायचं अन् माशी, म्हणजे नळीच्या टोकावरची नेमाची खूण, बघत ट्रिगर हळू दाबायचा. ट्रिगर जडच आहे, ह्या किमतीत तसाच मिळणार. फिनिशिंग साधारण, मागची साईट प्लॅस्टिकची. आवाज बेताचा. नेमाचं म्हणाल तर मातीच्या पोत्यावर कागद लावून सराव केला, पाच पावलांवर सगळे छर्रे रुपयाच्या नाण्यात बसायला लागले, दहा पावलांवर पसरतात. ज्या अंतरावर छर्रे नाण्यात बसतात तेवढ्याच अंतरावरून उंदरावर मारायचं, एक पाऊल बी जास्त नाही, हा माझा नियम आहे. रात्री लाल कागद लावलेली बॅटरी वापरा, लाल उजेड उंदराला नीट दिसत नाही, तो बसून राहतो.

पिंजऱ्याचं काम मात्र एक नंबर. पिंजरा फरशीवर नाही तर बाहेर मऊ मातीवर ठेवायचा, नळीचं तोंड दोन तारांच्या मधून आत न्यायचं म्हणजे छर्रा तारेवर आपटत नाही, उंदीर शांत झाला की डोक्यात एकच. क्षणात संपतं. डोळ्याला साधा प्लॅस्टिकचा चष्मा लावाच, आपल्या घराच्या शहाबादी फरशीवरून अन् पत्र्यावरून शिशाचा छर्रा बी उसळतो. मेलेला उंदीर हातमोजे घालून उचला अन् खोल पुरा, त्याच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिसचा आजार होतो.

एक गोष्ट कोणीच सांगत नाही. पोत्याच्या दिशेनं कधीच मारू नका. चुकलेला छर्रा सोयाबीनमध्ये गेला तर ते शिसं आहे, विषच. मी मागं मातीनं भरलेलं पोतं असल्याशिवाय मारत नाही. छर्रे हाताळल्यावर हात साबणानं धुवायचे, डबी लेकरांच्या हाताला लागू द्यायची नाही. छर्रे चपट्या तोंडाचे घ्या, जवळच्या अंतराला तेच चांगले, टोकदारचं नुसतं नाव मोठं आहे.

देखभाल जास्त नाही पण जी आहे ती करा. छर्रा न भरता बार काढू नका, आतलं वॉशर अन् स्प्रिंग खराब होते. रात्रभर ताणून ठेवू नका. छर्रा भरताना नळी दुसऱ्या हातानं धरून ठेवा, सुटली तर बोट जाईल. अन् शिलाई मशीनचं तेल नाहीतर करडीचं तेल आत सोडायची आपल्याकडं सवय आहे ती नको, दाबाच्या गरमीनं तेल आत पेट घेतं, धूर निघतो अन् सील जातं. सिलिकॉन तेलाचा एखादा थेंब बास.

घ्यायला जाल तेव्हा दुकानातच नळी मोडून बघा, ती बंद झाल्यावर डावी-उजवी हलते का बघा, हलत असेल तर नेम कधीच बसणार नाही. सेफ्टी लावून ट्रिगर दाबून बघा. छर्रा भरून समोरच्या फळीवर चार-पाच मारून दाखवा म्हणा, अन् वॉशर-स्प्रिंग नंतर मिळेल का ते विचारा. एवढं करू देत नसतील तर दुसऱ्या दुकानात जा.