व्हर्जिनिया योजना की न्यू जर्सी योजना?

अमेरिकेची राज्यघटना ठरवणाऱ्या १७८७ च्या फिलाडेल्फिया संविधान परिषदेवरील वादविवादात कोणती बाजू घ्यावी, असे एका विद्यार्थिनीने विचारले आहे. २९ मे रोजी एडमंड रँडॉल्फ यांनी मांडलेली व्हर्जिनिया योजना दोन सभागृहे आणि लोकसंख्येच्या किंवा करभाराच्या प्रमाणात प्रतिनिधित्व देते; विल्यम पॅटरसन यांची १५ जूनची न्यू जर्सी योजना मात्र एकच सभागृह व प्रत्येक राज्याला एकच मत राखते, त्यामुळे चिमुकले डेलावेअर व्हर्जिनियाच्या बरोबरीने बसते. केंद्राच्या अधिकारांत पहिली राज्यांचे कायदे रद्द करण्यापर्यंत जाते, आणि हे जरा अतीच झाले. दुसरी आयातकर व व्यापारनियमन यांसारखे मोजके अधिकार वाढवते, तरी केंद्राचे कायदे राज्यांवर बंधनकारक ठरवते, हे सहसा लक्षात घेतले जात नाही. कार्यकारी सत्तेची निवड दोन्हींत विधिमंडळाकडेच आहे. बलवान केंद्राचे समर्थन करायचे असल्यास व्हर्जिनिया योजना घ्यावी. राज्यांच्या समान दर्जाचे करायचे असल्यास न्यू जर्सी.