रात्रीच्या ओलितासाठी गमबूट: प्लास्टिकचा घ्यावा की रबराचा?

विजेची लाईन रात्रीची असली की हरभऱ्याला पाणी द्यायला अंधारात धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, जावंच लागतं, आणि आपण जातो चपलेवर. साप चावतो तो बहुतेक वेळा पावलाला नाहीतर घोट्याजवळ. म्हणून गमबूट घ्याच. फक्त असा घ्या, जो रोज पायात राहील.

दुकानात स्वस्तातला काळा चकचकीत जोड मिळतो तो बहुधा पीव्हीसीचा, म्हणजे प्लास्टिकचा. पाणी आत येत नाही, डिझेल सांडलं तरी लवकर बिघडत नाही. पण थंडीत तो कडक होतो. बोटांच्या मागे पाऊल वाकतं तिथे घडी पडते आणि तिथेच चीर जाते. माझ्या पहिल्या जोडाला बाहेरून केसाएवढी रेघ दिसायची, आत मोजा चिंब. वरच्या काठाने पोटरीवर लाल वळ उठायचे. शेवटी बूट गोठ्यात पडले आणि मी पुन्हा चपलेवर आलो.

नैसर्गिक रबराचा बूट महाग पडतो, पण पायाबरोबर वाकतो आणि ओल्या धुऱ्यावर चांगली पकड देतो. त्याला ऊन आणि तेल सोसत नाही; धुऊन सावलीत ठेवला तर टिकतो. रोजच्या ओलिताला, जागलीला मी रबराचाच घ्या म्हणेन. फवारणीपुरता हवा असेल तर प्लास्टिकचा पुरे. तेव्हा पँट बुटाच्या बाहेर ठेवा, नाहीतर औषध ओघळून आत जातं. 2017 मध्ये यवतमाळात फवारणीतून झालेल्या विषबाधा आपण पाहिल्यात.

आता सापाचं. घोणशीचे, म्हणजे आपल्याकडे जिला परड म्हणतात तिचे, दात लांब असतात. पातळ बूट नडगीला चिकटून बसला तर दात पार जाऊ शकतात. म्हणून जाड, गुडघ्याच्या जरा खालपर्यंत येणारा, नडगीभोवती बोटभर मोकळा, पण टाचेला घट्ट असा बघा. टाच सैल असली तर काळ्या मातीत बूट रुततो आणि नुसता पाय वर येतो. तळव्याच्या खाचा खोल आणि दूर दूर हव्यात. बारीक नक्षीत गाळ भरला की पाय मणाचा होतो. जाड मोजे घालून दुकानातच चालून बघा. बोटांवर पोलादी टोपी असलेला बूट वावरात उगाच जड.

भंडारा-गोंदियाकडे धानाच्या रोवणीच्या चिखलात मात्र कोणताच गमबूट नीट चालत नाही. तेंदूपत्त्याला, उन्हाळ्यात, रबरात पाय उकडून निघतात. तिथे साध्या बुटावर बांधायचे जाड गेटर, म्हणजे घोटा-नडगी झाकणारी आवरणं, बरे. बायकांच्या मापाचे जोड दुकानात क्वचितच ठेवतात. मोठ्या मापावर भागवू नका, दुकानदाराला मागवायला लावा. निंदणाला, वेचणीला वावरात त्याच जास्त असतात, आणि तिथे हात वाचवायला बूट कामाचा नाही. आधी काठीने झुडूप हलवायचं.

बूट घालण्याआधी दर वेळी उलटा करून आपटा. आत विंचू बसलेला असतो.