राइट ऑफ बूम, आयटी नेशन सिक्युअर की नलकॉन: लहान एमएसपीने कुठे जावे?

पुण्या-ठाण्यात आठ-दहा माणसांवर एमएसपी (दुसऱ्या व्यवसायांचे संगणक आणि नेटवर्क सांभाळणारी कंपनी) चालवणाऱ्याला वर्षाकाठी फार तर एक सायबर परिषद परवडते. तिकिटाहून जड जाते ते दोन हाताची माणसे आठवडाभर जागेवर नसणे. त्यामुळे वक्त्यांची यादी पाहून निवड करू नका, आपल्याकडे काय कच्चे आहे ते पाहून करा.

हल्ला झाल्यावर काय करायचे हेच ठरलेले नसेल, तर राइट ऑफ बूम. अँड्र्यू मॉर्गन यांनी एमएसपींसाठीच सुरू केलेली ही परिषद कुठल्याही एका आरएमएम (ग्राहकांची यंत्रे दुरून सांभाळण्याचे सॉफ्टवेअर) कंपनीची नाही. अलीकडे ती लास व्हेगासला भरते. मुख्य सत्रांआधीच्या कार्यशाळा चुकवू नका. त्यांची जागा वेगळी राखावी लागते का, हे तिकीट काढतानाच पाहा. भाषणे नंतर कुठे ना कुठे ऐकायला मिळतात, पण अनोळखी एमएसपी मालकांसोबत टेबलटॉप सराव (टेबलाभोवती बसून काल्पनिक हल्ला हाताळून पाहणे) घरबसल्या होत नाही.

अशा सरावाचा उत्तम नमुना म्हणजे कॅसेया कंपनीच्या व्हीएसए या आरएमएममधून झालेला 2 जुलै 2021चा हल्ला. अमेरिकेत जोडून सुट्टी येत असलेला शुक्रवार. आर-एव्हिल टोळीने एमएसपींच्या स्वतःच्या व्हीएसए सर्व्हरमधून थेट ग्राहकांच्या यंत्रांवर रॅन्समवेअर (फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारा प्रोग्रॅम) ढकलले. साधारण 60 एमएसपी आणि त्यांच्यामागचे 1500 पर्यंत व्यवसाय सापडले. कॅसेयाने सर्वांना व्हीएसए सर्व्हर ताबडतोब बंद करायला सांगितले, म्हणजे ज्या साधनाने यंत्रांपर्यंत पोहोचायचे तेच हातातून गेले. हाच प्रसंग टेबलावर मांडला की घोटाळे भराभर बाहेर पडतात. ग्राहकांचे फोन नंबर फक्त पीएसएमध्ये (तक्रारी, बिले आणि ग्राहकांच्या नोंदी ठेवणारे सॉफ्टवेअर), आणि पीएसए उघडत नाही. घाबरलेला तंत्रज्ञ यंत्र फॉरमॅट करतो आणि पुरावाच पुसला जातो; खरे तर यंत्र नेटवर्कपासून तोडायचे आणि चालूच ठेवायचे, कारण मेमरीतले धागेदोरे बंद करताच जातात. विमा कंपनीला कोण कळवणार, हे कुणालाच ठाऊक नसते. हे तीन प्रश्न आजच आपल्या माणसांना विचारून पाहा. धड उत्तरे आली, तर लास व्हेगासचा खर्च वाचला म्हणा.

आयटी नेशन सिक्युअर ही एमएसपींसाठी सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कनेक्टवाइजची परिषद, ऑर्लँडोला जूनमध्ये. तुमची पीएसए किंवा दुरून यंत्र हाताळायचे स्क्रीनकनेक्ट त्यांचेच असेल तर इथे जाण्यात अर्थ आहे, कारण उत्पादन बनवणारे लोक समोर भेटतात. फेब्रुवारी 2024 मध्ये स्क्रीनकनेक्टमध्ये लॉगिनच वळसा घालून टाळता येईल अशी त्रुटी सापडली. तीव्रता 10 पैकी 10. सॉफ्टवेअर स्वतःच्या सर्व्हरवर चालवणाऱ्यांना पॅच (त्रुटी बुजवणारी दुरुस्ती) स्वतःच बसवावा लागला. आजही तसेच चालवत असाल, तर पॅचची सूचना कशी येते, परवान्याची मुदत संपली असेल तर काय, असे प्रश्न लिहून न्या. यजमान आणि विक्रेता एकच असला की मंचावरून काय ऐकू येईल, हे मात्र आपण ओळखूनच असावे. दुसऱ्या कंपनीची साधने वापरणाऱ्याने या वाटेला जाऊ नये.

गोव्याचे नलकॉन 2010 पासूनचे, पण ते एमएसपींचे नव्हे, हॅकर आणि संशोधकांचे. करार, दर, विमा यावर तिथे फारसे काही मिळणार नाही. मालकाने जाण्याऐवजी एक तंत्रज्ञ पाठवावा, तोही परिषदेआधीच्या प्रशिक्षणासाठी. त्यातही अॅक्टिव्ह डिरेक्टरी (कंपनीतली खाती आणि अधिकार सांभाळणारी प्रणाली) किंवा क्लाउडचा विषय असेल तर घ्या. रिव्हर्स इंजिनिअरिंग (तयार प्रोग्रॅम उलगडून पाहणे) कितीही मोहाचे वाटले तरी सोमवारी हेल्पडेस्कवर त्याचा उपयोग नाही. मोपा विमानतळ गोव्याच्या उत्तर टोकाला आहे. प्रशिक्षण दक्षिणेत असेल तर दाबोळीचे विमान किंवा मडगावची गाडी सोयीची.

ग्राहक कुठले, यावरही बरेच ठरते. अमेरिकी परिषदांत हिपा (आरोग्य माहितीचा कायदा), सीएमएमसी (संरक्षण खात्याच्या कंत्राटदारांचे सुरक्षा निकष) आणि तिथल्या विमा कंपन्यांच्या अटी बोलल्या जातात. अमेरिकी एमएसपीचे बॅक ऑफिस चालवत असाल तर हे सारे तुमच्याच कामाचे. पण चाकण-भोसरीचे कारखाने ग्राहक असतील, तर तुमच्या मानगुटीवर सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेचे 28 एप्रिल 2022चे निर्देश आहेत: घटना लक्षात आल्यापासून 6 तासांत कळवणे आणि लॉग (यंत्रांवरच्या हालचालींच्या नोंदी) 180 दिवस जपणे. ते अमेरिकेत कुणी शिकवणार नाही.

प्रवासाचे गणित आधी व्हिसापासून मांडा. परिषदेसाठी बी-1 (व्यावसायिक भेटीचा व्हिसा) चालतो, पण मुंबईत मुलाखतीची तारीख कधीची मिळते ते पाहिल्याशिवाय परिषदेचे तिकीट काढू नका. काढलेच, तर ते दुसऱ्याच्या नावावर करता येते का ते विचारा. वेळेचा फरकही छळतो. हिवाळ्यात लास व्हेगास आपल्या साडेतेरा तास मागे, म्हणजे पुण्याचे दहा ते साडेसहा हे तिथले रात्री साडेआठ ते पहाटे पाच. दिवसा सत्रे आणि रात्रभर एस्कलेशन, म्हणजे पुण्यात न सुटलेल्या अडचणी. जूनचे ऑर्लँडो साडेनऊ तास मागे असल्याने पुण्याची संध्याकाळ तरी तिथल्या सकाळी येते. दोन्हीकडे एकच उपाय: अॅडमिनचे अधिकार असलेला एक माणूस पुण्यातच राहिला पाहिजे.

स्टॉलवर बिल्ला स्कॅन करू दिला की महिनोन्‌महिने विक्रीचे फोन येतात. नोंदणीलाच वेगळा ईमेल पत्ता द्या. लॅपटॉप कोरा न्या. ज्यावर आरएमएमचे अॅडमिन सत्र उघडे आहे तो नाही. आणि कंडिशनल अॅक्सेसमध्ये (लॉगिनच्या अटी ठरवणारी सोय) 'फक्त भारतातून लॉगिन' असा नियम असेल, तर विमानतळावर उतरताच तुम्हीच बाहेर अडकाल. सवलत फक्त जाणाऱ्याच्या खात्याला द्या, एमएफएसाठी (पासवर्डखेरीज ओळख पटवण्यासाठी) दुसरी हार्डवेअर की सोबत ठेवा, आणि ती सवलत कधी काढायची ते तारखेसह ती देतानाच हेल्पडेस्कवर काम म्हणून नोंदवून टाका, कारण परतल्यावर ते कुणाच्याच लक्षात राहत नाही.