पिवळ्या टोपणाची नळी आणि 38,100 रुपये

आधी आकडे सांगते, पुढचं वाचायचं की नाही ते तुम्ही ठरवा. गुहागरकडच्या आमच्या गावात, देवळाच्या सभामंडपात, मे महिन्यातल्या एका शनिवारी ‘स्मृतिभ्रंश रक्ततपासणी शिबिर’ झालं. 52 जणांनी रक्त दिलं. दर वयाप्रमाणे: 35 ते 50 वर्षांना 2,350 रुपये, 51 ते 70 ला 4,850 आणि सत्तरीपुढे 6,900. जमा झाले 2,64,550. त्यातल्या 38 जणांना ‘धोका’ निघाला आणि 11 घरांनी 31,200 रुपयांचा सहा महिन्यांचा ‘मेंदू कोर्स’ घेतला. त्या अकरांत आमचं घर. आईच्या नावावर एकूण 38,100 गेले. सुई धरून बसले होते मीच, नळीमागे 60 रुपये ठरवून. ते 3,120 अजून यायचेत. हसा खुशाल.

मी लॅब टेक्निशियन आहे. म्हणून लाज दुप्पट.

शिबिरवाल्यांची तऱ्हा सगळ्यांना ठाऊक आहे, बॅनर, पांढरे कोट, सरपंचांच्या हस्ते नारळ. वेळ मात्र त्यांनी अचूक साधली. आंब्याचे पैसे नुकते हातात आलेले, चाकरमानी सुट्टीला घरी, आणि वर्षभर फोनवरच भेटणारी आई एकच गोष्ट तिसऱ्यांदा विचारते हे त्यांना पहिल्यांदाच दिसलेलं. असा मुलगा यूपीआय करायला किती वेळ लावणार?

आता ती नळी. पेटीतून निघाल्या त्या सगळ्या पिवळ्या टोपणाच्या. पिवळं टोपण म्हणजे जेल, रक्त गोठणार आणि वर सिरम येणार. अल्झायमर हा स्मृतिभ्रंशाचा एक आजार. त्याच्या रक्तचाचणीत त्याच्याशी जोडलेली प्रथिनं मोजतात, आणि मग ते पी-टाऊ 217 असो की अमायलॉइड बीटा 42/40 चं गुणोत्तर, प्लाझ्मा घेतात, म्हणजे न गोठलेल्या रक्तातला वरचा द्रव. जांभळ्या टोपणाची ईडीटीए नळी, म्हणजे रक्त गोठू न देणारं रसायन असलेली, रक्त घेतल्यावर आठ-दहा वेळा अलगद उलटीपालटी, लवकरात लवकर सेंट्रीफ्यूज (नळ्या वेगाने फिरवणारं यंत्र), वरचा प्लाझ्मा पॉलिप्रॉपिलीन या प्लास्टिकच्या छोट्या नळीत, आणि ती गोठवून रवाना. पॉलिप्रॉपिलीनच का? अमायलॉइड चिकट असतो. काचेला, पॉलिस्टायरीनच्या प्लास्टिकला जाऊन बसतो आणि मोजताना कमी भरतो. न फिरवलेलं रक्त काही तास उकाड्यात राहिलं तरीही तो घसरतो. पी-टाऊ त्यामानाने दमदार, पण म्हणून मे महिन्यात उघड्यावर ठेवायचा नसतो.

तिथे सेंट्रीफ्यूजच नव्हतं. मासे पाठवतात तसली थर्माकोलची पेटी, तळाला वितळलेल्या बर्फाचं पाणी आणि त्यात आडव्या तरंगणाऱ्या नळ्या. मी विचारलं, “ईडीटीए नाही?” शिबिराचा माणूस म्हणाला, “मॅडम, नवीन मशीन आहे, जेलवर चालतं.” आणि मी पुढच्या माणसाच्या दंडाला पट्टा बांधला.

हा तो क्षण. तेव्हा रांगेत चाळीस माणसं होती, वर पत्रा तापलेला, आमच्या लॅबमध्ये ही चाचणी होत नाही, आणि मशीन नवीन येतात हेही खोटं नाही. पण किट कितीही नवीन असू दे, त्यासोबत कंपनीचं पत्रक येतं आणि नमुना कुठला हवा ते त्यावर छापलेलं असतं. ते बघायला दोन मिनिटं लागली असती. मी मागितलं नाही. तुम्ही मागा.

रिपोर्ट दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊला व्हॉट्सॲपवर. रविवार! नमुना गुहागरहून मुंबईला पोचायला लागणारा वेळसुद्धा मी मोजला नाही. आईचा तेवढा बघितला, बाकीचे नंतर शेजारी शेजारी ठेवले तेव्हा पोटात गोळा आला. न्यूरोफिलामेंट लाइट, म्हणजे एनएफएल, त्याची नॉर्मल मर्यादा सगळ्यांना ‘20 पर्यंत’. 36 वर्षांच्या खलाशालाही 20, 81 वर्षांच्या आजीलाही 20. पैसे घेताना वयाचे तीन गट, मर्यादा लावताना एकच!

एनएफएल चेतापेशींच्या तंतूंची झीज दाखवतं आणि वयाबरोबर ते आपसूक वाढतं. ऐंशीतल्या धडधाकट माणसाचं तिशीतल्यापेक्षा तीन-चार पट असू शकतं. त्यात मूत्रपिंड मंद असलं की आणखी वर जातं, पी-टाऊचंही तसंच. क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाची तपासणी, न बघता म्हाताऱ्या माणसाचा हा रिपोर्ट वाचूच नये. त्यामुळे सत्तरीपुढचे 17 पैकी 17 ‘धोक्यात’ आले, आणि सगळ्यात महागडा दर त्यांचाच होता.

वयाचं गणित सांगते, कारण हे लोक आता पुढच्या तालुक्यात गेले असणार. विस्मरण नसलेल्या माणसांतही मेंदूत अमायलॉइड साठलेला सापडतो, पन्नाशीत साधारण 10 टक्क्यांत आणि नव्वदीत 44 टक्क्यांच्या आसपास. म्हणून ऐंशीच्या माणसाची चाचणी पॉझिटिव्ह आली तर तेवढ्यावरून स्मृतिभ्रंश ठरत नाही, निगेटिव्ह आली तर मात्र अल्झायमर बाजूला सारायला मदत होते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मे 2025 मध्ये पी-टाऊ 217 आणि अमायलॉइडच्या गुणोत्तराची रक्तचाचणी मंजूर केली ती 55 वर्षांपुढच्यांना, तीही लक्षणं असतील तर, आणि डॉक्टरांच्या तपासणीच्या जोडीने. ठणठणीत माणसांची रांग लावायला कुणी सांगितलेलं नाही. चाळिशीतल्याला विसरायला होत असेल तर आधी थायरॉइड, बी12, झोप, दारू, नैराश्य, सिफिलिस, एचआयव्ही बघतात. मानसिक आजार की मेंदूची झीज असा पेच पडला तर त्या वयात एनएफएल खरंच कामाला येतं, पण वयाच्या मर्यादेसकट. घरात दोन-तीन पिढ्यांत कमी वयातच अल्झायमर झाला असेल तर पीएसईएन1, पीएसईएन2, एपीपी या जनुकांचा विषय निघतो, आणि तो आधी समुपदेशकापुढे.

रिपोर्टवर सही नव्हती. ‘संगणकीकृत, सहीची आवश्यकता नाही.’ सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2017 मध्ये सांगितलंय की पॅथॉलॉजीच्या रिपोर्टवर पदव्युत्तर पॅथॉलॉजिस्टची सही हवी. हे मला पाठ आहे. आमच्या भिंतीवर लावलंय!

मग सुरू झाली वणवण. पोलीस ठाण्यात म्हणाले, पैसे राजीखुशीने दिलेत, संमतीपत्रावर सही आहे, बाब दिवाणी. आरोग्य खात्याच्या कार्यालयात उत्तर मिळालं, आम्ही परवानगी दिलीच नव्हती, मग आमचा संबंध काय? विनापरवाना झालं हीच तक्रार आहे, साहेब! औषधांचं बघणारे म्हणाले, कोर्सच्या डब्यावर ‘अन्नपूरक’ छापलंय, आमच्याकडे येत नाही. अन्नाचं बघणारे म्हणाले, नमुना सीलबंद लागेल, तुम्ही फोडलाय. ग्रामपंचायतीने मंडप फुकट दिला होता म्हणून ती गप्प. आणि एका टेबलावर बाईंनी मला विचारलं, “तुम्ही स्वतः लॅबवाल्या ना?” चार बस, दोन दिवस रजा, झेरॉक्सचे 340 रुपये, आणि शेवटी हे ऐकायचं.

ऑनलाइन फसवणुकीसाठीच्या 1930 ला फोन लगेच करा, पहिल्या काही तासांत पैसे अडवता येतात. आम्ही एकोणीस दिवसांनी केला. 1915 ग्राहकांसाठी. जिल्हा ग्राहक आयोगात 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, मुदत दोन वर्षं. पावती नसली तरी यूपीआयचा यूटीआर, म्हणजे व्यवहाराचा नंबर, पुरावा ठरतो, मोबाइल बदलण्याआधी लिहून ठेवा. नळ्यांचा, पेटीचा फोटो काढा. माझ्याकडे नाही, हात रक्त काढण्यात होते.

आईचं बी12 नंतर नीट तपासलं, 128 निघालं. रोज मासे खाणाऱ्या घरात कमी कसं, तर अकरा वर्षं मधुमेहाची मेटफॉर्मिन चालू आहे, ती बी12 शोषू देत नाही. इंजेक्शनं सुरू केली. थायरॉइड, सोडियम, कॅल्शियम, क्रिएटिनिन आणि डोक्याचा सीटी स्कॅन धरून सगळं 4,100 रुपयांत झालं. हे आधी करायचं असतं, मला माहीत होतं.

कोर्सचे सहा डबे आले होते. एक फोडलेला, पाच सीलबंद. हे पाच मी त्या अन्नाच्या कार्यालयाला लेखी कळवले, पोच घेतली. कपाटात खालच्या खणात आहेत, कुणी न्यायला आलं की देईन.